वैशाखऱ्याचा फुकट दवाखाना

वैशाखरे, सोमवार, २ सप्टेंबर १९४६

डायरी लिहायची मला सवय नाही. पण इथं बोलायला माणूस नाही, आणि ज्यांच्याशी बोलतो ते मान डोलावतात नि आपलंच खरं करतात. तेव्हा निदान कागदावर तरी चिडावं म्हणून मुरबाडहून ही वही मागवली. लढाईच्या टंचाईतला कागद आहे, शाई फुटते. चालायचंच.

पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणे. डॉ. कमळाकर गुप्ते, सरकारी दवाखाना, वैशाखरे. बायको शकू आणि मुलगी कल्याणला सासुरवाडीत. इथं राहायला आणावं अशी ही जागा नव्हे.

दवाखाना जूनमध्ये उघडला. सरकारचा प्रयोग आहे. औषध सगळं सरकारी खर्चानं, रोग्याकडून छदाम घ्यायचा नाही. इथं जमलं तर मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत असे आणखी सहा निघणार. नाही जमलं तर कुलूप. दारावरची पाटी माझ्याच अक्षरातली आहे : ‘औषध मोफत. कोणी काही देऊ नये. कोणी काही घेऊ नये.’ वाचता कोणालाच येत नाही, म्हणून माझा कंपाउंडर जयराम ती रोज सकाळी ओट्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणून दाखवतो. शहापूरचा आहे, हुशार आहे, कातकरवाडीवरच्या लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलतो.

आज अठ्ठेचाळीस रोगी आले. बहुतेक हिवतापाचे. सहा जागांपैकी एकही जागा इतके रोगी दाखवू शकणार नाही, हे मी आजच लिहून ठेवतो.

दिल्लीत आज आपली माणसं कारभार हाती घेणार होती. घेतला की नाही ते गुरुवारी पेपर आल्यावर कळेल.

रविवार, ८ सप्टेंबर

आज दोन गोरे आले. एक हिवताप खात्याचा इंग्रज मेजर, दुसरा अमेरिकन मिशनरी डॉक्टर. मेजर डास मोजत माळशेजकडे निघाला होता, अमेरिकन त्याच्या जीपमधून फुकट प्रवास करत होता. जीप ओढ्यात अडकली म्हणून दोघं इथं चहाला बसले, नाहीतर कोण विचारतो वैशाखऱ्याला.

मेजर माझी रोजची रोगीसंख्या बघून खूश झाला. म्हणाला, “आमच्याकडे आता कायदाच होतोय. राजापासून हमालापर्यंत सगळ्यांना औषध सरकारचं. आजारी पडल्यावर माणसानं खिसा चाचपायचा ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तुम्ही आमच्याही पुढे गेलात.” ऐकून बरं वाटलं. का वाटू नये?

अमेरिकन नुसता हसला. “आमच्याकडे असला कायदा आणला तर आधी डॉक्टरच उठतील. आमचा गावचा डॉक्टर माझ्या बापाला तपासून गेला की बाप त्याला पोतंभर बटाटे द्यायचा. म्हणून त्याला तोंडावर गाढव म्हणायची बापाची छाती होती. सरकारी डॉक्टरला गाढव म्हणून बघा.”

“इथल्या माणसाकडे बटाट्याचं पोतं नाही,” मी म्हणालो. मेजर टेबलावर थाप मारून हसला.

तेवढ्यानं तो माणूस गप्प बसेल तर ना. उठून ओट्यावर गेला आणि रांगेतल्या एका बाईला आपल्या पुस्तकी मराठीत विचारलं, “बाई, या औषधाबद्दल आपण काय अर्पण करता?” बाई म्हणजे कातकरवाडीवरची बाईजा. ती काही बोलणार तोच जयराम मध्ये पडला, “काही नाही साहेब. मोफत आहे.” बाईजानं जयरामकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. साधी माणसं, गोऱ्या कातडीला भितात.

“एक दाणासुद्धा नाही,” मी म्हणालो.

“मग ते गोळ्या गिळत नसणार,” अमेरिकन म्हणाला.

असा संताप आला. सात समुद्र ओलांडून यायचं, आमच्या ओट्यावर आमचा चहा प्यायचा, आणि आमचीच माणसं आम्हाला शिकवायची. वर तो चहा फुकट.

बुधवार, ११ सप्टेंबर

शकूचं पत्र. मुलीचा कान फुटला होता, सासूबाई तिला माझ्या वर्गमित्राकडे घेऊन गेल्या. सरकारी दवाखाना घरापासून चार पावलांवर आहे, पण सासूबाई म्हणाल्या म्हणे, ‘तिथं फुकटात काय पदरात पडणार?’ सरकारी डॉक्टरची सासू ही. कपाळ माझं.

वर्गमित्रानं चार वेळा तपासलं, औषध दिलं, आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. आम्ही एकमेकांच्या घरचं फुकटच बघतो, रीतच आहे. तरी मला दिवसभर चैन पडेना. त्यानं घेतले नाहीत म्हणून आपण गप्प बसायचं, हे काही बरं नाही, माणूस मिंधा होतो. शेवटी घाटाखालच्या मधाच्या दोन बाटल्या बांधून मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवल्या, तेव्हा कुठं जेवण गोड लागलं.

आज रोगी पन्नास. अमेरिकनाला कोणीतरी कळवा.

शनिवार, १४ सप्टेंबर

घडलं तसं लिहितो.

दवाखान्याच्या मागे सरपणाची खोली आहे. मी तिकडे कधी जात नाही. आज दिव्याचं रॉकेल शोधायला गेलो तर सरपणाआड एक टोपली. तीत अंडी चार, काकड्या, मूठ मूठ नाचणी चिंध्यांत बांधलेली, अळूची जुडी, आणि नांग्या दोरीनं बांधलेला एक जिवंत खेकडा. खेकडा माझ्याकडे बघत होता.

जयरामला हाक मारली. त्यानं नाकारलंही नाही.

“घ्यावंच लागतं साहेब,” म्हणाला. “मी सगळं खात नाही. निम्मं रांगेतल्या पोरांनाच वाटतो. पण कोणी काही दिलं तर हातात घेतो, मगच गोळी देतो.”

“पाटी कोण वाचतं रोज?”

“मीच.”

“आणि पाटी वाचून झाली की मागच्या दारानं लाच खातोस.”

“लाच नाही साहेब. न घेतलं तर गोळी घरी नेऊन ठेवून देतात. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही...” तिथंच थांबला.

“मी काय?”

“तुम्ही ऐकून घेतलं नसतं.”

हे तोंड वर करून. अंड्यापायी माझा प्रयोग बाटवला आणि वर मलाच ऐकवतो. त्या गोऱ्यासमोर ‘एक दाणासुद्धा नाही’ म्हणून मी छाती काढली, तेव्हा हा शेजारी उभा होता. माझ्या पाठीमागे खेकडे गोळा होत होते.

वरच्या ऑफिसला रिपोर्ट लिहिला. निकाल येईतो त्याला कामावरून दूर केलं. मुरबाडला बहिणीकडे जातो म्हणाला. जाताना ताप आलेल्यांची नावं तोंडपाठ सांगून गेला, कोणाला किती गोळ्या राहिल्यात ते. मी लिहून घेतली नाहीत. खेकडा ओढ्यात सोडला.

सोमवार, २३ सप्टेंबर

शनिवारी एकोणीस. आज अकरा.

पितृपक्ष चालू आहे, शिवाय निंदणीची कामं. दसऱ्यानंतर वाढतील. पाटी आता मीच वाचतो. वाचताना लोक खाली बघतात.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज सहाच. त्यातली एक बाईजा, तीच जिला अमेरिकनानं प्रश्न केला होता. सोबत तिची मुलगी यमू. यमू सोळा-सतरा वर्षांची, पोटात सहावा महिना, आणि हिवतापानं नुसती पिवळी पडलेली. प्लीहा हाताला लागते. असा ताप अशा दिवसांत म्हणजे आई आणि पोर दोघांच्याही जिवाशी गाठ. मी बाईजाला स्पष्ट सांगितलं, सात दिवस, रोज तीन गोळ्या, एकही चुकवायची नाही, नाहीतर पोर जाईल आणि यमूही जाईल.

बाईजानं ऐकून घेतलं आणि पदराखालून कोंबडी काढली. चांगली पोसलेली, तांबडी.

“ही घे दाक्तर.”

वाडीवरचे लोक कलेक्टरलाही ‘तू’ म्हणतात. त्याचं काही वाटत नाही आता. पण कोंबडी.

“बाईजा, सरकार औषध फुकट देतं. कोंबडी परत ने. तिची अंडी यमूला घाल.”

“जयराम घ्यायचा.”

“म्हणूनच जयराम इथं नाही.”

तिनं कोंबडी परत पदराखाली घेतली. मग म्हणाली, “मंग दोन अंडी घे.”

“एकही नाही. समजून घे. हा तुझा हक्क आहे. तुला काही द्यावं लागत नाही, कोणासमोर हात जोडावे लागत नाहीत. विलायतेत सुद्धा अजून हे नाही.”

मी चांगलं दहा मिनिटं समजावलं. माझं बोलणं त्या मेजरनं ऐकायला हवं होतं. बाईजानं एकवीस गोळ्यांची पुडी कमरेला खोचली, कोंबडी काखेत मारली आणि यमूला धरून गेली. पटलं असावं. एका माणसाला जरी पटलं तरी पुष्कळ.

शनिवार, ५ ऑक्टोबर, दसरा

सात दिवस झाले, बाईजा फिरकली नाही. आज सुट्टी, म्हणून मीच वाडीवर गेलो. गावाच्या टोकाला ओढ्यापलीकडे दहा-बारा खोपी.

यमू खोपीत पडलेली. ताप एकशे चार. मी विचारलं, गोळ्या संपल्या? बाईजानं आढ्याला टांगलेला सुक्या भोपळ्याचा तुंबा खाली काढला आणि माझ्यासमोर उपडा केला. एकवीसच्या एकवीस. पुडीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पोरीला मारायचंय का, असंही म्हणालो. यमू डोळे उघडून बघत होती, तिच्यासमोर.

बाईजा आवाज न चढवता म्हणाली, “दाक्तर, तू कायच घेत नाय. मंग आमी खायाची कशी?”

“तोंडात टाकायची आणि पाण्याबरोबर गिळायची.”

“तसं नाय.” मग तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की मी वाढवून सांगतोय. “गेल्या सालच्या आधल्या साली भर पावसात कोळशाच्या ठेकेदाराचा मानूस आला. तांदूळ देला. फुकट हाय म्हंला, खा. आमी म्हंलं, काय तरी घे. कायच घेतलं नाय. हसला. दिवाळी झाली तसा आला आन सुक्याला नेला भट्टीवर. म्हंला, तू आमचा तांदूळ खाल्लास, आता तू आमचा. माजा मालक अजून नाय आला दाक्तर. ज्यानं कायच घेतलं नाय, त्यानं मानूसच नेला.”

सुक्या म्हणजे तिचा नवरा.

“सरकार काय कोळशाचा ठेकेदार आहे?”

“मला काय ठाव. जंगलचा गार्ड सरकारचा. दान्याची लेवी नेतात ते सरकारचे. आता तू गोळ्या देतोस, कायच घेत नायस. यमूच्या पोटात पोर हाय. उद्या येशील, म्हनशील हे पोर आमचं.”

सरकारला हिचं पोर कशाला हवंय? असल्या अडाणीपणापुढे हात टेकले. गोळ्या परत तिच्या हातात कोंबल्या. तिनं त्या माझ्यादेखत तुंब्यात टाकल्या.

रविवार, ६ ऑक्टोबर

रात्रभर एकच विचार. हक्क नको म्हणायचा हक्क माणसाला असावा का? आणि पोटातल्या पोराच्या वतीनं नको म्हणायचा? अमेरिकन म्हणेल, असावा, तिची ती मुखत्यार. मेजर काय म्हणेल ठाऊक नाही, त्याच्याकडे सगळे आपणहून रांगा लावतील. माझ्याकडे एक पोर मरायला टेकली आहे आणि औषध तिच्या उशाशी टांगलंय. मुखत्यारीचं मला सांगू नका.

सकाळीच धर्मा पोलीस पाटलाकडे गेलो. त्याचं भात यंदा चांगलं आहे, खुशीत होता.

“सायेब, तुमी नुसतं बोला. चार मानसं पाठवतो, बांधून आनतो. पोरीला दवाखान्यात ठेवा, नाक दाबून गोळी घाला.”

“बांधून नको. समजावून आणा.”

“ती काय समजावून येतात होय? आन आता आपलंच राज्य येतंय. आपल्या मानसावर जोर करायला कसली लाज?”

मी हो म्हणालो. म्हणजे तोंडानं म्हणालो नाही, पण उठून आलो, नको म्हणालो नाही. बरोबरच केलं. मूल विहिरीकडे धावलं तर आपण त्याची परवानगी विचारतो का?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

वाडी रिकामी आहे. सगळीच्या सगळी.

धर्माची माणसं पोचायच्या आतच सुगावा लागला. दहा-बारा खोपींत एक चूल गरम नाही. मडकी नेली, कोंबड्या नेल्या, म्हातारीकोतारी नेली. बाईजाच्या खोपीतला तुंबाही नाही. तापानं फणफणलेली सहा महिन्यांची पोटुशी बाई उचलून ते लोक रानात गेले. माझ्यापासून वाचायला.

दवाखान्यात आज एकही रोगी नाही. गावातलेही नाहीत. मी पाटी वाचली नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सकाळच्या मोटारीनं मुरबाडला गेलो. जयराम एका किराणा दुकानात पुड्या बांधत होता. मला बघून उठून उभा राहिला, हे त्याचं चांगुलपण. मी असतो तर बसून राहिलो असतो.

सगळं सांगितलं. त्यानं एकदाही ‘मी म्हणालो होतो’ असं म्हटलं नाही. त्यामुळे जास्तच राग आला.

“कुठं गेले असतील ते मला साधारण ठाऊक आहे,” म्हणाला. “पण पाटलाचा माणूस सोबत नको. आणि पाटलाला सांगायचंही नाही.”

“नाही सांगत.”

“आणि साहेब, रागावू नका, तिथं गेल्यावर व्याख्यान नको.”

दुकानदाराला काहीतरी थाप मारून आला. मोटारीत आम्ही शेजारी बसलो, त्याचं तिकीट मी काढलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आजचं सगळं आजच लिहायला हवं.

उजाडताच निघालो. घाटाच्या पायथ्यानं दोन तासांची चढण. माझ्या बुटांनी फोड आले, जयराम अनवाणी पुढे. करवंदीच्या जाळीपलीकडे एक सपाटी, तिथं पानांची आडोशी करून सगळे बसलेले. आम्हाला बघून पुरुष उठले. जयरामनं लांबूनच दोन्ही हात दाखवले. तो पुढे गेला, बराच वेळ खाली बसून बोलला. मग मला बोलावलं.

यमूची नाडी बोटाखाली सापडेना. ओटीपोटात दुखतंय म्हणाली. म्हणजे पोराचं काही खरं नव्हतं. माझ्या मनात एकच हिशेब, आज गोळ्या पोटात गेल्या नाहीत तर परवापर्यंत ही नाही.

मी बाईजाला म्हणालो, “कोंबडी घेतो. दे.”

“कोंबडी नाय. सावळ्या भगताला देली.”

सावळ्या तिथंच बसला होता. त्याचे उपाय झाले होते, ताप हलला नव्हता. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं त्याची गचांडी धरावी, पण तो बिचारा माझ्याइतकाच हरलेला दिसत होता.

“मग अंडं दे. नाचणी दे. काहीही दे, मी घेतो. घेतो म्हणतोय ना.”

बाईजानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, कीव असावी.

“तू मागतोस,” म्हणाली. “मागून घेतलेलं नाय चालत दाक्तर. सरकारनं मागितली तर ती लेवी झाली. मी देनार ती माज्या मनानं देनार. तवा दोगं सुटतो. तुजं तुला, माजं मला.”

मी जयरामकडे पाहिलं. तो म्हणाला, “आता काही बोलू नका साहेब. बसा.”

“किती वेळ?”

“बसा.”

बसलो. दगडावर. गोळ्या खिशात, रोगी चार हातांवर, आणि मी, पाच वर्षं वैद्यकी शिकलेला माणूस, करवंदीच्या जाळीकडे बघत बसलो. आयुष्यात इतका हतबल झालो नव्हतो. दहा वेळा उठावंसं वाटलं, धरून कोंबावी गोळी तिच्या तोंडात. जयराम नुसता माझ्याकडे बघायचा. यमू कण्हायची. प्रत्येक कण्हण्याला मी मनातल्या मनात कोणाला ना कोणाला शिव्या देत होतो. अमेरिकनाला, मेजरला, धर्माला, ठेकेदाराला, बाईजाला. आणि त्या पाटीवरचं अक्षर ज्याचं होतं त्याला.

दुपार कलली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आली असावी, कारण मी एकदम पुढे वाकलो आणि हात टेकला. जयराम उठणार तोच बाईजा आली. ॲल्युमिनियमच्या वाडग्यात नाचणीची पेज, मीठ घातलेली. माझ्यासमोर धरली.

“पी. पडशील.”

मी काही मागितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी गोळ्याही डोक्यात नव्हत्या. आईनं पाहिलं असतं तर मला अंगणातच आंघोळ घातली असती. मी वाडगा घेतला आणि सगळी पेज प्यालो, तळाचं बोटानं पुसून. अशी भूक लागली होती.

बाईजा समोर उभी होती. वाडगा परत घेतला, आत डोकावून बघितलं. मग यमूजवळ जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, “आन आता.”

पहिल्या तीन गोळ्या माझ्या हातानं दिल्या. जयरामनं पाणी पाजलं. मी तिथून उठून जाळीमागे गेलो आणि रडलो. का ते माहीत नाही. फोडांमुळे असेल.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

जयराम आणि मी आळीपाळीनं वर जातोय. ताप रविवारी उतरला. यमू वाचली.

पोर गेलं. शुक्रवारीच. मुलगा होता, तळहाताएवढा. बाईजानं तो रानातच पुरला, आम्हाला जागा दाखवली नाही.

पहिल्याच दिवशी, अठ्ठावीस तारखेला, मी ती तांबडी कोंबडी घेतली असती तर? बारा दिवस. बारा दिवस मी तत्त्व सांभाळत होतो. बाईजाचा विचार खुळचट आहे हे मी आजही म्हणतो, गोळीला कोंबडी कळत नाही. पण पोर गेलं ते तिच्या खुळेपणानं की माझ्या शहाणपणानं, हे मला कोणी सांगू शकत नाही. यमूनं काल विचारलं, गोळ्या आदी खाल्ल्या असत्या तर जगलं असतं काय. मी म्हणालो, सांगता येत नाही. खोटं बोललो.

वरच्या ऑफिसला लिहिलं, जयरामवरची माझी तक्रार मागे घेतो, त्याला कामावर घ्यावं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

उत्तर आलं. तक्रार एकदा केली की मागे घेता येत नाही.

वाडीवरचे लोक परतले. काही जण दवाखान्याच्या समोरून जातात, आत येत नाहीत. मी पाटी उतरवली नाही, सरकारी मालमत्ता आहे. वाचत मात्र नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज टपालात लांबट पाकीट. माझ्याविरुद्ध अर्ज गेलाय. नाव नाही, पण धर्मा पाटलाचं अक्षर मी ओळखतो. त्याला न सांगता रानात गेलो, तेव्हापासून तो रस्त्यात राम राम करत नाही; पेजेची गोष्ट वाडीवरून त्याच्या कानावर गेली असणार. अर्जात लिहिलंय, मोफत दवाखान्याच्या डॉक्टरनं रोग्याच्या घरचं अन्न घेतलं आणि मगच औषध दिलं. खोटं कुठं आहे? शब्दन् शब्द खरा.

ऑफिस विचारतं : अन्न घेतले किंवा कसे. घेतले असल्यास का घेतले. देणाऱ्याचे नाव काय, कारण नियमाप्रमाणे देणाराही दोषी आहे. आठ दिवसांत खुलासा करावा, अन्यथा दवाखाना बंद करण्याचा विचार करावा लागेल.

‘कोणी काही देऊ नये’ हे वाक्य नियमात नव्हतं. ते मी पाटीसाठी जोडलं होतं, आणि पाटीची नक्कल मोठ्या दिमाखात वर पाठवली होती. त्यांनी नियमच करून टाकला.

सकाळपासून तीन खुलासे लिहिले. पहिल्यात हवापाण्यामुळे भोवळ आल्याचं लिहिलं, फाडला. दुसऱ्यात सहा पानं रूढींची माहिती, वाडीचा इतिहास, ठेकेदाराचे जुलूम, विलायतेतला कायदा आणि अमेरिकेतले बटाटे. तोही फाडला. हे वाचून ठाण्याच्या ऑफिसातला कोण माणूस काय समजणार? मलाच समजायला किती दिवस लागले, आणि कितीसं समजलंय.

तिसरा पाठवतोय. तो असा :

‘होय, घेतले. वाडगाभर नाचणीची पेज. मागितली नव्हती, दिली म्हणून घेतली. त्यानंतर रोग्याने औषध घेतले व रोगी वाचला. त्याआधी बारा दिवस मी काहीही घेतले नाही, त्या उशिरामुळे झालेल्या मृत्यूस मी जबाबदार आहे. पोटातले मूल आपल्या तक्त्यात धरत नाहीत, तरी ते धरावे. देणाऱ्याचे नाव मी सांगणार नाही. दवाखाना बंद करायचा की नाही हे आपण ठरवावे. तोवर मी तो चालू ठेवतो.’

सही केली. पाकीट बंद केलं. नोकरी जाईल बहुतेक. शकूला कसं सांगायचं ते बघू.

खिडकीतून ओटा दिसतोय. नऊ जण बसलेत, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच इतके. पुढे बाईजा, तिच्या बाजूला यमू टेकून बसलीय. कोणी आत डोकावत नाही की हाक मारत नाही. प्रत्येकाच्या पदराखाली नाहीतर फडक्यात काहीतरी आहे, आणि मी उठून दार उघडतो की नाही, एवढंच ते बघतायत.

उघडतो.